दादाच्या आतड्यातली गाठ आणि माझ्या दुकानातल्या गोळ्या

9 डिसेंबर 2025 ला दादाची आतड्याच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतरची वर्षाची दुर्बिणीची तपासणी झाली आणि आतडं स्वच्छ निघालं. परतीच्या मराठवाडा एक्स्प्रेसमध्ये खिडकीशी बसून दादा झोपला आणि मी मोबाईलवर हे लिहायला घेतलं. दीड वर्षापूर्वी आम्हाला कुणी हे सांगितलं असतं तर निदान चार महिने वाचले असते, एवढंच त्यामागचं कारण आहे.

आधी माझ्याविषयी, कारण त्याचा संबंध आहे. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं औषधांचं दुकान आहे. डी. फार्म. झालेला माणूस आहे मी, वय 41. दादा माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा, गावाकडे नऊ एकर शेती बघतो. काउंटरखालच्या दुसऱ्या ड्रॉवरमध्ये मी दुखण्याच्या गोळ्या ठेवतो. डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक, इटोरिकॉक्सिब. सोयाबीन काढणीला आणि कापूस वेचणीला हा ड्रॉवर सगळ्यात जास्त उघडतो. दादाही गुडघ्यासाठी त्यातल्याच गोळ्या न्यायचा, आठवड्यातून दोन-तीन तरी.

17 जुलै 2024, आषाढी एकादशी. दादा दुकानात आला, गर्दी कमी व्हायची वाट बघत बाकावर बसून राहिला आणि मग हळूच म्हणाला, "बापू, परसाकडला गेलं की रगात पडू लालंय." मी एकच प्रश्न विचारला, "आग होते का?" तो म्हणाला, "नाही, आग काही नाही." तिथेच मला थांबायला हवं होतं. मी त्याला मूळव्याधीचं मलम, इसबगोल आणि पोट साफ होण्याचं सिरप दिलं. आग नाही, दुखत नाही, रक्त शौचात मिसळलेलं, सोबत शेंबडासारखा चिकट पदार्थ, कधी दोन दिवस काहीच नाही तर कधी दिवसात चारदा. हे सगळं त्याने मला पुढच्या दोन महिन्यांत तुकड्यातुकड्याने सांगितलं होतं. मी ते एकत्र जोडलं नाही.

पोळ्याच्या तोंडावर मोठा पाऊस झाला, रानात पाणी साचलं, दादा त्यातच अडकला. सप्टेंबरअखेर त्याला चढावर दम लागायला लागला. एका डॉक्टरांनी तपासून सांगितलं की मूळव्याधच आहे, आणि अशक्तपणा असेल तर तो दुखण्याच्या गोळ्यांनी जठराला जखम होऊन झालेला असणार. मला ते पटलं. मी फार्माकॉलॉजीत तेच शिकलो होतो. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. लोहाने शौचाचा रंग काळा होतो, त्यामुळे रक्त जातंय की नाही हे त्यानंतर दादाला कळेनासंच झालं. "आता रगात दिसत नाही," असं तो म्हणाला आणि आम्ही सगळे निश्चिंत झालो.

दिवाळीला भाऊबीजेला ताई आली. तिने त्याला बघितलं आणि मला अंगणात बाजूला घेऊन म्हणाली, "बापू, दादाचा चेहरा मातीसारखा झालाय. तुझ्या दुकानात सगळ्या जगाला औषध आहे, याला कामून नाही?" 5 नोव्हेंबरला रक्त तपासलं. हिमोग्लोबिन 7.9. सव्वा महिना लोहाच्या गोळ्या घेऊनही एवढंच. परभणीतल्या फिजिशियनांनी रिपोर्ट बघून पहिला प्रश्न विचारला, "दुर्बीण टाकली का?" मी म्हणालो, "जठराची टाकू का?" ते म्हणाले, "जठराचीही टाका, पण मी मोठ्या आतड्याची म्हणतोय. चाळिशी ओलांडलेल्या पुरुषाचं रक्त असं कमी होत असेल तर आतडं बघितल्याशिवाय मूळव्याध म्हणायचं नाही."

कोलोनोस्कोपीची तारीख छत्रपती संभाजीनगरला 26 नोव्हेंबरची मिळाली. मधल्या दिवसांत एक काम हातून झालं ते बरं झालं. फिजिशियनांनीच सांगितलं होतं की पुढे मोठं काही निघालं तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचार होतील, तेव्हा रेशनकार्ड आणि आधार आत्ताच जुळतात का बघा. जुळत नव्हते. रेशनकार्डावर दादाचं घरातलं नाव होतं, आधारवर शाळेतलं. शिवाय कार्ड ऑनलाइन करून बारा अंकी नंबर काढलेलाच नव्हता. 20 नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं, त्यामुळे पुरवठा शाखेतले सगळे निवडणुकीच्या कामात गुंतलेले. मी तीन चकरा मारल्या. मतदानानंतर दोन दिवसांनी एका अव्वल कारकुनांनी अर्ज हातात घेतला, शाळा सोडल्याचा दाखला, आधारची झेरॉक्स आणि दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत असं शपथपत्र घेतलं, आणि आठवड्यात नाव दुरुस्त झालं. ज्यांच्या घरात कुणी आजारी नाही त्यांनीही हे एवढं आज करून ठेवावं. दवाखान्यात भरती असलेल्या माणसाला सोडून तहसीलला धावणं फार जड जातं.

दुर्बिणीच्या आधीची तयारी हीच खरी परीक्षा असते, तपासणी त्यापुढे काहीच नाही. लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी बंद केल्या, कारण त्यांचा काळा थर आतड्याला चिकटून राहतो आणि दिसत नाही. दोन दिवस आधीपासून पेरू, टोमॅटो, भेंडी, पालेभाज्या बंद. आदल्या दिवशी भाकरीही नाही, फक्त मऊ भात, वरणाचं पाणी, ताक. संध्याकाळपासून जुलाबाची पावडर पाण्यात कालवून प्यायची, दोन लिटर, दर पंधरा मिनिटांनी एक ग्लास. चव खारट आणि तेलकट. वहिनींनी ते पाणी फ्रिजमध्ये गार केलं आणि मधेमधे लिंबाची फोड चोखायला दिली, म्हणून ते पोटात राहिलं. लाल रंगाचं सरबत या दिवशी पिऊ नये, आत रक्तासारखं दिसतं. आणि दवाखान्याजवळ मुक्कामाची सोय बघावी. पावडर पिऊन परभणीहून संभाजीनगरपर्यंतचा प्रवास करणं कुणाच्याही नशिबी येऊ नये. आम्ही लॉजवर राहिलो, खोलीला आठशे रुपये.

डॉक्टरांनी मला आत उभं राहू दिलं. दादाला झोपेचं इंजेक्शन दिलेलं. पडद्यावर आतड्याची भिंत ओल्या गुलाबाच्या पाकळीसारखी चकाकत होती, तिच्यावर केसांएवढ्या बारीक लाल शिरांची जाळी. मग एक वळण आलं, आणि जाळी एकदम संपली. पुढे फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी उंचसखल गाठ, मध्ये करडा पिवळसर खड्डा, आणि हवा सोडली की कडेने रक्त पाझरायचं. आतड्याची अर्धी वाट तिने अडवलेली. डॉक्टर काही बोलले नाहीत, त्यांनी चिमटा मागितला. सहा तुकडे घेतले. प्रत्येक तुकडा भाताच्या शितापेक्षा लहान. छोट्या बाटलीत फॉर्मलिनमध्ये ते तुकडे खाली बसले, आणि ती बाटली लॅबला पोहोचवायला माझ्याच हातात दिली. रिक्षात मी ती दोन्ही हातांत धरून बसलो होतो.

त्या दिवसाचा खर्च 7,500 रुपये दुर्बिणीचे, 1,800 बायोप्सीचे. सोमवारी, 2 डिसेंबरला रिपोर्ट आला. मॉडरेटली डिफरन्शिएटेड अॅडिनोकार्सिनोमा, सिग्मॉइड कोलन. म्हणजे कर्करोगच. सिग्मॉइड म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा इंग्रजी एस अक्षरासारखा वळलेला भाग. सीटी स्कॅनचे 6,000, रक्तातल्या सीईएचे, म्हणजे या कर्करोगात बहुधा वाढणाऱ्या प्रथिनाच्या तपासणीचे, 900. सीईए 11.4 आलं, नेहमीपेक्षा जास्त. यकृत आणि फुप्फुसं स्वच्छ होती. मायला आम्ही "आतड्यात गाठ आहे, काढायची आहे" एवढंच सांगितलं. तिने देवापुढे दिवा लावला आणि पुढे काही विचारलं नाही. तिला सगळं कळलं होतं असं मला आता वाटतं.

योजनेत असलेल्या रुग्णालयात आधी आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या तिथल्या मदतनिसाला, गाठायचं. दारातच त्यांचं टेबल असतं. रेशनकार्ड, आधार, बायोप्सीचा आणि सीटीचा रिपोर्ट, डॉक्टरांची चिठ्ठी आणि रुग्ण स्वतः, एवढं लागतं. रुग्णाचा फोटो तिथेच काढतात. मग रुग्णालय ऑनलाइन मंजुरी मागतं. आमचा प्रस्ताव 9 डिसेंबरला गेला, सीटीची फिल्म स्पष्ट नाही म्हणून परत आला, पुन्हा गेला आणि 11 तारखेला मंजूर झाला. आता या योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. शस्त्रक्रियेचे आणि पुढे केमोचे पैसे आम्हाला द्यावे लागले नाहीत. योजनेच्या आधी झालेला तपासण्यांचा खर्च, लॉज, प्रवास, बाहेरचं जेवण मिळून 22 हजारांच्या आसपास गेले. प्रत्येक कागदाच्या पाच झेरॉक्स आणि सीटीची सीडी एका प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा, ते फोल्डर उशाशी घेऊन झोपा. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला तिकिटात मोठी सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो. आम्ही तो तिसऱ्या फेरीला मागितला, पहिल्याच दिवशी मागायला हवा होता.

शस्त्रक्रिया 16 डिसेंबरला ठरली. आधी दोन पिशव्या रक्त चढवलं. 15 च्या रात्री वॉर्डबाहेरच्या बाकावर मला झोप येईना. मनात एकच गोष्ट घोळत होती. दुखण्याच्या गोळ्या अडवतात ते सायक्लोऑक्सिजनेज नावाचं एन्झाइम, आम्ही त्याला कॉक्स म्हणतो. आतड्याच्या गाठीत कॉक्स-2 वाढलेलं असतं, हे मी कधीतरी वाचलं होतं. मग इतकी वर्षं माझ्याच गोळ्या खाणाऱ्या दादाला ही गाठ झाली कशी? रात्रपाळीचे निवासी डॉक्टर नांदेडकडचे होते, वयाने माझ्यापेक्षा बरेच लहान. त्यांना विचारलं. त्यांनी हातातली फाइल उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूला रेघा ओढत अर्धा तास समजावून सांगितलं. ते मी माझ्या भाषेत मांडतो.

पेशीच्या आवरणात ॲराकिडोनिक ॲसिड नावाचं स्निग्ध आम्ल असतं. कॉक्स त्यापासून प्रोस्टाग्लँडिन नावाची, सूज आणि दुखणं आणणारी रसायनं बनवतं. ॲस्पिरिनसारख्या गोळ्या हीच क्रिया अडवतात, हे 1971 मध्ये जॉन व्हेन यांनी दाखवलं आणि पुढे 1982 च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. कॉक्सचे दोन भाऊ आहेत. कॉक्स-1 म्हणजे सालगडी. वर्षभर घरी राबतो, जठराचं अस्तर सांभाळतो, रक्ताच्या प्लेटलेट्सचं काम बघतो. कॉक्स-2 म्हणजे सुगीला बोलावलेली टोळी. जखम झाली, सूज आली की येते, काम उरकते आणि जाते. गाठीत गडबड ही होते की टोळी जातच नाही. ती रोज पीजीई-2 नावाचं प्रोस्टाग्लँडिन ओतत राहते. पीजीई-2 पेशींना वाढायला सांगतं, मरायची वेळ आलेल्या पेशींना मरू देत नाही, नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करतं आणि शरीराच्या पहारेकरी पेशींना गप्प बसवतं. त्यातच आणखी एक एन्झाइम असतं, 15-पीजीडीएच. त्याचं काम पीजीई-2 मोडून टाकायचं, म्हणजे झाडलोट करणारं. आतड्याच्या गाठीत बहुधा तेच कमी झालेलं असतं. एकीकडे ओतणारे वाढले आणि दुसरीकडे उचलणारा गेला.

"पण डॉक्टर, मग सुरुवात सूजेने झाली का?" मी विचारलं. ते म्हणाले, "नाही. बी वेगळं आणि खत वेगळं. बहुतेकांच्यात बी म्हणजे एपीसी नावाच्या जनुकातला बिघाड. त्यातून आधी साधा कोंब फुटतो, त्याला पॉलिप म्हणायचं. कॉक्स-2 हे त्या कोंबाला मिळालेलं खत." त्यांनी जपानमधला 1996 चा उंदरांवरचा प्रयोग सांगितला. एपीसी बिघडवलेल्या उंदरांच्या आतड्यात सरासरी साडेसहाशेच्या वर पॉलिप व्हायचे. त्याच उंदरांमधून कॉक्स-2 चं जनुक काढून टाकलं तर ते शंभराच्या आत आले. बी तेच होतं, खत तोडलं होतं. लहान पॉलिपमध्ये हे कॉक्स-2 बरंचसं आजूबाजूच्या आधाराच्या पेशींमध्ये असतं, हेही त्यांनी सांगितलं. मला ते ऐकून बांधावरचं गवत आठवलं, पिकाच्या आधी तेच खत खातं.

ज्यांना अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा होत राहण्याचा जुनाट आजार आहे त्यांच्यात मात्र गोष्ट उलटी असते. तिथे वर्षानुवर्षांची सूजच आधी जमीन बिघडवते. म्हणून कोलायटिसला आठेक वर्षं झाली की पोट बरं असलं तरी ठरावीक काळाने दुर्बीण करायला सांगतात. माझ्याकडे दोन गिऱ्हाइकं अशी आहेत. घरी आल्यावर दोघांनाही मी हे सांगितलं.

आणि दादाच्या गोळ्या? आठवड्यातून दोनतीनदा घेतलेली गोळी काही तास कॉक्स अडवते आणि उतरते. बी तर ती उपटतच नाही. उलट तिने आमची दिशाभूल केली. अशक्तपणाचं कारण तिच्या नावावर खपलं आणि आतड्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. डॉक्टर हे सौम्यपणे म्हणाले, पण मला ते लागलं.

शस्त्रक्रिया चार तास चालली. गाठीचा भाग काढून दोन्ही टोकं जोडली, पोटावर पिशवी लावावी लागली नाही. 24 डिसेंबरला सुट्टी झाली. 30 ला मोठा रिपोर्ट आला. गाठ भिंतीच्या जवळजवळ पार गेलेली, 16 लसिकाग्रंथी तपासल्या, त्यातल्या एकीत रोग. या रिपोर्टात दोन गोष्टी जरूर बघा. ग्रंथी निदान 12 तरी तपासलेल्या असाव्यात, नाहीतर टप्पा नीट ठरत नाही. आणि एमएमआर नावाची तपासणी, म्हणजे जनुकातल्या चुका दुरुस्त करणारी चार प्रथिनं गाठीत आहेत का ते बघणारी, झाली आहे का ते विचारा. वंशपरंपरेने आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढवणारा लिंच सिंड्रोम असेल तर त्याचा पहिला इशारा बहुधा तिथे मिळतो. दादाची चारही प्रथिनं शाबूत होती. त्या तपासणीला बाहेर 6,000 लागले.

केमोचे चार फेरे, तीन आठवड्यांनी एक. 21 जानेवारी, 11 फेब्रुवारी, 4 मार्च, आणि प्लेटलेट्स कमी झाल्याने आठवडाभर पुढे ढकललेला शेवटचा 1 एप्रिलला. पहिल्या दिवशी ऑक्सॅलिप्लॅटिनची सलाइन, मग चौदा दिवस कॅपेसिटाबिनच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ, जेवल्यावर अर्ध्या तासाच्या आत. ऑक्सॅलिप्लॅटिननंतर गारवा सहन होत नाही. पहिल्या फेऱ्यानंतर दादाने पहाटे स्टीलचा तांब्या उचलला आणि विजेचा झटका बसल्यासारखा खाली टाकला. गार पाण्याचा घोट घेतला तर घसा आवळायचा. वहिनींनी त्या दिवसापासून पाणी कोमट करून थर्मासमध्ये ठेवलं आणि त्याला लोकरीचे हातमोजे घेतले. मार्चमध्ये तळहातांची कातडी सोलायला लागली, खुरपं धरवेना. युरिया असलेलं मलम दिवसातून चार वेळा लावलं, अनवाणी चालणं बंद केलं, त्याने पुष्कळ फरक पडला. मन मात्र दुसऱ्या फेऱ्यानंतर खचलं. हरभरा काढायला आलेला, आणि तो ओसरीवर खाटेवर पडून मजुरांच्या हाका ऐकत राहायचा. एकदा म्हणाला, "बापू, तू लवकर का नाही धाडलंस?" त्याच्या आवाजात राग नव्हता. मी काहीच बोललो नाही. त्याच्या पायाला मलम लावत बसलो.

14 एप्रिलला शेवटची गोळी संपली. वेशीपासून जयंतीची मिरवणूक निघाली होती. दादा काठी न घेता पारापर्यंत चालत गेला.

आता माझी पाळी. दादाला 44 व्या वर्षी निदान झालं, म्हणून सख्ख्या भावंडांनी वयाच्या 40 पर्यंत किंवा घरातल्या सर्वांत लहान रुग्णाच्या वयापेक्षा दहा वर्षं आधी, यातलं जे आधी येईल तेव्हा दुर्बीण करावी, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी उशिरातच होतो. ताईला आणि मला दोघांनाही भीती वाटत होती, पण ती म्हणाली, "तू कर, मग मी करते." 20 मे ला मी केली. दादा माझ्यासोबत आला, त्याने मला दर पंधरा मिनिटांनी पावडरीचा ग्लास दिला. माझ्या आतड्यात 8 मिलिमीटरचा एक पॉलिप निघाला. तारेच्या फाशाने तो तिथल्या तिथे काढला. कर्करोग नाही, साधा ॲडिनोमा. पाच वर्षांनी परत बोलावलंय. ताईचं आतडं जूनमध्ये स्वच्छ निघालं.

पॉलिप हातात आल्यावर, म्हणजे डॉक्टरांनी बाटलीत दाखवल्यावर, माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो दुकानातल्या ड्रॉवरचा. मी विचारलं, "रोज ॲस्पिरिन घेऊ का? किंवा सेलिकॉक्सिब?" औषधवाल्याला असा मोह होणारच. माझ्यासारखे आणखीही असतील, म्हणून डॉक्टरांनी दिलेलं उत्तर सविस्तर लिहितो.

घराण्याने येणाऱ्या एफएपी आजारात आतड्यात शेकडो-हजारो पॉलिप होतात. त्यात सेलिकॉक्सिबने, म्हणजे मुख्यतः कॉक्स-2 अडवणाऱ्या दुखण्याच्या गोळीने, पॉलिप कमी होतात हे 2000 साली दिसलं होतं. पण सामान्य पॉलिपवाल्यांना अशी गोळी वर्षानुवर्षं दिली तेव्हा हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका वाढला. ही गोष्ट मला नवी नव्हती. 2004 मध्ये मी परभणीतल्या एका दुकानात कामाला होतो. रोफेकॉक्सिब ही त्याच जातीची गोळी बाजारातून मागे घेतली गेली तेव्हा तिची पाकिटं मीच कपाटातून काढून खोक्यात भरली होती. ती गोळी 30 सप्टेंबर 2004 ला मागे घेतली गेली ती पॉलिप टाळण्यासाठी चाललेल्या अभ्यासातल्याच निष्कर्षांमुळे, हे मात्र मला एकवीस वर्षांनी कळलं. शस्त्रक्रियेनंतर केमोच्या जोडीला तीन वर्षं सेलिकॉक्सिब देऊनही पाहिली आहे, 2021 मध्ये निकाल आला, एकूण रुग्णांत रोग परतणं त्याने कमी झालं नाही. लिंच सिंड्रोम असलेल्यांमध्ये रोज ॲस्पिरिन घेतल्याने पुढे कर्करोग कमी झाले, हे मात्र चांगलं सिद्ध झालंय. आम्हाला लिंच नाही. ॲस्पिरिनने जठरात आणि मेंदूतही रक्तस्राव होऊ शकतो. डॉक्टर म्हणाले, "तुमच्यासाठी पाच वर्षांनी दुर्बीण हेच औषध. गोळी मनाने सुरू करू नका."

दादाबद्दल मी डिसेंबरमध्ये पुन्हा विचारलं, कारण सप्टेंबर 2025 मध्ये स्वीडन आणि शेजारच्या देशांतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या गाठीत पीआयके3सीए नावाच्या जनुकात किंवा त्याच साखळीतल्या इतर जनुकांत बदल आहे, त्यांना रोज 160 मिलिग्रॅम ॲस्पिरिन तीन वर्षं दिल्यावर रोग परतण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. पण तिथे गोळी शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांच्या आत सुरू केली होती आणि दादाला वर्ष होत आलेलं. डॉक्टरांनी गाठीच्या जपून ठेवलेल्या मेणाच्या ठोकळ्यावर या जनुकांची तपासणी करता येईल, रिपोर्ट आल्यावर बोलू, असं सांगितलं. ज्यांची शस्त्रक्रिया आत्ता होतेय त्यांनी हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावा. पॅथॉलॉजीतल्या त्या ठोकळ्याची पावती जपून ठेवा.

सीईए आता 2.1 आहे. दर तीन महिन्यांनी रक्त, काही महिन्यांनी सीटी, आणि दुर्बीण तीन वर्षांनी.

दुकानात एक बदल केलाय. मूळव्याधीचं मलम मागणाऱ्याला मी बाजूला घेऊन चार गोष्टी विचारतो. रक्त वरून ठिबकतं की मिसळलेलं असतं, शौचाची सवय बदलली का, वजन उतरलं का, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग होता का. बायका सांगायला लाजतात, म्हणून माझी बायको संध्याकाळी काउंटरला बसते. ऑक्टोबरपासून सहा जणांना परभणीला पाठवलं. पाच जणांना मूळव्याधच निघाली. सहाव्या बाईंची तारीख पुढच्या मंगळवारी आहे, पावडर कशी प्यायची ते वहिनींनी त्यांना फोनवर समजावून सांगितलं.

काल दादा दुकानात आला होता. तूर काढून आला होता, गुडघा धरून बाकावर बसला. "बापू, ती गोळी दे की." मी दुसरा ड्रॉवर उघडला, बंद केला, आणि वरच्या फळीवरून पॅरासिटामॉलची पट्टी काढली. त्याने पट्टी उलटसुलट बघितली. "हिच्यानं राहतंय का?"

"राहतंय की बघ. नाही राहिलं तर मंगळवारी डॉक्टरांना विचारू. मी तिकडेच चाललोय."

त्याने पट्टी खिशात घातली आणि नेहमीसारखे पैसे काउंटरवर ठेवले. मी ते परत सरकवले, त्याने पुन्हा ठेवले.